ग्रीन टी पोटात गेल्यावर पुढं काय होतं? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

या खेपेला ग्रीन टीवर लय प्रश्न आले, काही निवडून घेतो.

प्रश्न (आर्वी): पोरानं पुण्याहून ग्रीन टीचा डबा आणला. त्यावर अँटिऑक्सिडंट लिहिलंय. ते सगळं रक्तात जाते का?

काकाजी, बरंचसं जातच नाही, जसंच्या तसं तर नाहीच. ग्रीन टीत कॅटेचिन असतात, डब्यावरचं अँटिऑक्सिडंट म्हणजे हेच, त्यातला नावाजलेला म्हणजे ईजीसीजी. तो लहान आतड्यात थोडाच शोषला जातो, बाकी माल खाली मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथले बॅक्टेरिया त्याच्यावर तुटून पडतात. त्याला चिकटलेलं गॅलिक ॲसिड आधी कापून वेगळं करतात, मग उरलेल्या रेणूत तीन कड्या असतात त्यातली मधली कडी उघडतात (हे काम ॲडलरक्रॉयट्झिया, एगर्थेला असल्या जातींचं), मग फ्लॅव्होनिफ्रॅक्टर नावाचा गडी त्याचे व्हॅलेरोलॅक्टोन नावाचे छोटे तुकडे करतो. हे छोटे तुकडे मात्र आरामात रक्तात शिरतात, लिव्हर त्यांना सल्फेट नाहीतर ग्लुकुरोनाइड (बाहेर टाकायला सोपं जावं म्हणून लावलेली शेपटी) जोडतं आणि शेवटी लघवीवाटे बाहेर. सकाळच्या कपातले हे तुकडे लघवीत दुपारपासून रात्रीपर्यंत सापडत राहतात. डब्यावर यांचं नाव कोणी छापत नाही, पण रक्तात जास्त वेळ फिरतात ते हेच.

प्रश्न (पुसद): आम्ही नवरा-बायको एकाच गंजातली ग्रीन टी पेतो. मंग दोघायले फायदा सारखाच ना?

गंज एक असला तरी पोटं दोन आहेत भाऊ! कोणाच्या पोटात कडी उघडणारे बॅक्टेरिया भरपूर, कोणाच्यात नावालाच, त्यामुळं सारखाच कप पिऊनही एकाच्या लघवीत हे तुकडे कितीतरी जास्त निघतात. आपल्या सोयाबीनचंही तसंच आहे. त्यातल्या डेडझीन नावाच्या घटकाचं इक्वॉल नावाचं द्रव्य करणारे बॅक्टेरिया सगळ्यांकडं नसतात, पाश्चात्त्य देशांत साधारण 25 ते 30 टक्के लोकांकडं, जपानात निम्म्याच्या वर, आणि गंमत म्हणजे त्यातही ॲडलरक्रॉयट्झिया हाच गडी आहे. आता तुम्ही दर सर्दी-तापाला मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून गिळत असाल तर ही वस्ती उजाड होते, मग महागडा डबा काय करणार? त्यापरीस ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी चालू ठेवा, या बॅक्टेरियांना खायला फायबर लागतं.

प्रश्न (वरुड): आमच्या संत्र्यात असं काही असते का?

असते ना! हेस्पेरिडिन, कॅटेचिनच्याच जातकुळीतलं द्रव्य. त्याला दोन साखरा जोडलेल्या असतात, त्यातली ऱ्हॅम्नोज कापायचं एन्झाइम माणसाकडं नाही, बॅक्टेरियांकडं आहे. म्हणून ते खालपर्यंत जातं, तिथं साखर तुटते आणि संत्रं खाल्ल्यावर 5-7 तासांनी रक्तात त्याचं प्रमाण सगळ्यात जास्त दिसतं. हा माल रसापेक्षा सालीत आणि फोडीवरच्या पांढऱ्या शिरांमध्ये जास्त. आंबिया बहाराचं संत्रं सोलून नखानं एकेक शीर ओढत बसणारे लोक पाहिले की माझा तर जीव जळतो. रस गाळून पिणाऱ्यांचं तर बोलूच नका.

प्रश्न (दारव्हा): पोरीचं एचबी 9 आहे. जेवणासोबत ग्रीन टी देऊ का?

नको ताई. चहा कोणताही असो, भाजी-वरणातलं लोह तो धरून ठेवतो आणि ते आतड्यात शोषलं जात नाही. जेवणाच्या आगेमागे किमान तासभर चहा नको, लोहाच्या गोळीसोबतही नको, जेवणात लिंबू पिळा. आणि हिमोग्लोबिन 9 म्हणजे डॉक्टरला दाखवायचंच, चहा बंद करून भागणार नाही.

प्रश्न (मंगरूळपीर): दूध-साखरेचा साधा चहा मग वायाच?

वाया नाही. काळी पत्ती बनताना कॅटेचिनचे मोठे रेणू होतात, थिआरुबिजिन वगैरे, तेही मोठ्या आतड्यात जाऊन बॅक्टेरियांच्याच हाती लागतात. दुधानं चहाचा फायदा घटतो का म्हणाल तर अभ्यासांचे निकाल दोन्ही बाजूंचे आहेत. साखर मात्र कमी करा, कपात तीन चमचे टाकून तब्येतीच्या गोष्टी कशाला?

प्रश्न (काटोल): वजन उतरवायला ग्रीन टी एक्स्ट्रॅक्टच्या कॅप्सूल घेऊ का? चहा पेण्यापेक्षा सोपं.

घेऊ नका. चहातून दिवसाला साधारण 90 ते 300 मिलिग्रॅम ईजीसीजी जातं, कॅप्सूलमध्ये त्याच्या कितीतरी पट कोंबलेलं असू शकतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2018 मध्ये सांगितलं की सप्लिमेंटमधून रोज 800 मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर रक्तात लिव्हरचे एन्झाइम वाढलेले दिसतात, म्हणजे लिव्हरला त्रास होत असल्याची खूण. उपाशीपोटी घेतली तर ईजीसीजी रक्तात आणखी जास्त चढतं. आधीच सुरू केली असेल आणि डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर कॅप्सूल बंद करून सरळ दवाखाना गाठा आणि डबी सोबत न्या, डॉक्टरला लेबल वाचू द्या.