नजर फिरली की सेफ्टी निघाला

वाचकांचे प्रश्न : अमेरिकन फुटबॉल

या वेळच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला : एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये नव्याने उतरलेल्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूच्या, खोडी बचाव करणारे संघ इतक्या लवकर कशा ओळखतात? म्हणून या अंकात तेवढंच.

प्रश्न : सोमवारी सकाळी उठून सामने पाहतो. समालोचक सारखं म्हणतात, बचावाने नवख्याची नजर वाचली. हेल्मेटच्या जाळीआडची नजर वीस-पंचवीस यार्डांवरून वाचतात तरी कशी? – एक वाचक, पुणे

बुबुळं कोणालाच दिसत नाहीत. दिसतं ते हेल्मेट कुठे वळलंय, पुढचा पाय कुठे रोखलाय आणि दुसरा हात चेंडूवर आहे की सुटलाय. झोन पद्धतीने, म्हणजे माणूस न धरता जागा राखत, खेळताना सेफ्टी (बचावात सर्वांत मागे उभा असतो तो) आणि लाइनबॅकर (त्याच्या पुढच्या फळीतला) क्वार्टरबॅककडे तोंड करून असतात, रिसीव्हरच्या (पास झेलायला पळणाऱ्याच्या) पाठीमागे धावत नसतात. त्यामुळे हे सगळं त्यांच्यासमोर घडतं.

नवख्याची पहिली खोड म्हणजे ज्याला चेंडू द्यायचा त्याच्याकडे स्नॅपपासून, म्हणजे चेंडू मागे दिला गेल्यापासून, टक लावून बघणं. रिसीव्हर वळेल तो क्षण चुकेल, या धास्तीने तो त्याला नजरेआड होऊच देत नाही. स्नॅपपासून फेकीपर्यंत साधारण अडीच ते पावणेतीन सेकंद मिळतात. त्यातल्या पहिल्याच सेकंदात हेल्मेट एका बाजूला खिळलं, तर बारा-चौदा यार्ड मागे उभा असलेला सेफ्टी अर्धा सेकंद आधी निघतो. अर्ध्या सेकंदात तीन-चार यार्ड कापले जातात. पास नुसता हाताने उडवणं आणि तो पकडून उलट दिशेने पळणं, यांतला फरक बहुतेक वेळा तेवढाच असतो.

दुसरी खूण पायांची. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय लक्ष्याकडे रोखला जातो. ‘सेफ्टीला नजरेने फसव’ हे नवख्यालाही शिकवलेलं असतं, म्हणून तो डोकं डावीकडे फिरवतो. पण पाय आधीच उजवीकडे लागलेले असतात. कसलेला सेफ्टी अशा डोक्याला भीक घालत नाही.

तिसरी खूण हाताची. आधाराचा हात चेंडूवरून सुटला की फेक सहसा मागे घेतली जात नाही. लाइनबॅकरांना हेच घोकवून घेतात : हात सुटला की धाव, चेंडू हवेत दिसायची वाट बघू नकोस. काही जणांना फेकण्याआधी चेंडूवर हलकी थाप मारायची सवय असते. ती प्रत्येक पासला पडत असेल, तर कडेच्या रिसीव्हरला राखणाऱ्या कॉर्नरबॅकला सूचना देऊनच फेकल्यासारखं झालं.

खोड सापडली म्हणून ती लगेच वापरतात असंही नाही, आणि टीव्हीवर नेमकं हेच निसटतं. पहिल्या हाफमध्ये तो सहा-सात यार्डांचा पास मुद्दाम होऊ देतात. क्वार्टरबॅकला वाटतं, हा हुकमी आहे. मग चौथ्या क्वार्टरमध्ये, तिसऱ्या डाऊनला (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला) सहा यार्ड हवे असताना, समोर तीच रचना दिसते आणि तो तिकडेच बघतो. या वेळी कॉर्नरबॅक मागे हटलेला नसतो, वाटेत उभा असतो.

प्रश्न : न्यूयॉर्क जेट्सचा चाहता आहे, सोसायची सवय आहे. १९ सप्टेंबर २०२१ला नवख्या झॅक विल्सनचे पहिले दोन्ही पास न्यू इंग्लंड पॅट्रियट्सनी पकडले, सामन्यात एकूण चार. २०१९मध्ये आमच्याच सॅम डार्नोल्डचेही चार. त्यांचे तेव्हाचे प्रशिक्षक बिल बेलिचिक असं काय करायचे? – एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

दोन्ही सामन्यांना एकाच माळेत ओवू नका. डार्नोल्ड तेव्हा दुसऱ्या वर्षात होता, आणि २१ ऑक्टोबर २०१९च्या त्या ३३-० पराभवात त्याच्यावर चढाईचं, म्हणजे बचावाने थेट क्वार्टरबॅकवर धावून जाण्याचं, भूत बसवलं होतं. हा शब्द आमचा नाही. बाकावर बसून ‘मला भुतं दिसताहेत’ असं तो म्हणाला आणि अंगावरच्या माइकमुळे ते देशभर ऐकू गेलं.

भूत म्हणजे काय, ते आकड्यांत बघा. आक्रमणाकडे लाइनवर पाच जण. रनिंग बॅक (एरवी चेंडू घेऊन पळणारा) मदतीला थांबला तर अडवणारे सहा. बचावाने रेषेवर सात जण आणून उभे केले की एक जण मोकळा सुटणार. मागे खोलात सेफ्टी कोणीच नाही, बाकीचे एकास एक. याला कव्हर झीरो म्हणतात. इथे चेंडू दोन सेकंदांच्या आत सुटायला हवा. पहिल्या एक-दोन वेळा खरंच सात येतात. पुढच्या वेळी तेच सात उभे राहतात, पण स्नॅप झाल्यावर चारच येतात आणि तिघं मागे सरकतात, तेही नेमके घाईच्या छोट्या पासच्या वाटेत. क्वार्टरबॅक न आलेल्या माणसांपासून पळतो आणि सरकलेल्या माणसाच्या हातात चेंडू देतो.

यातली मेख अशी की चढाई दिसली की कुठे फेकायचं, हे आधीच ठरलेलं असतं : चढाईला आलेल्याने जी जागा सोडली तिथे. नियम म्हणून हे बरोबरच आहे. नवखा तो डोळे मिटून पाळतो, म्हणून बचाव त्या जागी पुढच्या फळीतल्या डिफेन्सिव्ह एंडसारखा धिप्पाड गडी मागे सोडतो, जो तिथे असेल असं कोणाच्या मनातही येत नाही. १९८०च्या दशकात सिनसिनाटीत डिक लबो यांनी घडवलेल्या झोन ब्लिट्झचं मर्म हेच.

विल्सनच्या त्या दिवसाचं खापर एका युक्तीवर फोडता येणार नाही. त्यातल्या काही फेकी मुळातच वाईट होत्या. पण नवख्यांविरुद्धची बेलिचिक यांची नेहमीची रीत चढाईपेक्षा सोंगाची असायची. स्नॅपआधी दोन सेफ्टी खोलात दिसतात. क्वार्टरबॅक ठरवतो, मधली पट्टी मोकळी. स्नॅपसरशी एक सेफ्टी मध्यावर सरकतो, दुसरा खाली उतरून त्याच पट्टीत येतो. अनुभवी खेळाडू चेंडू हातात आल्यावर पहिल्या पावलातच सेफ्टींकडे पुन्हा बघतो. नवख्याने निर्णय आधीच घेतलेला असतो. सोंगात अवघड काय, तर हलायचं कधी. सेफ्टी लवकर सरकला तर चाल बदलली जाते, उशिरा सरकला तर जागेवर पोहोचत नाही. म्हणून क्वार्टरबॅकची शेवटची नजर फिरून झाली की हलायचं, असं ठरवतात. अंगात गुण नसतात म्हणून मुलं यात फसतात, असंही नाही. चार्जर्सच्या जस्टिन हर्बर्टने २०२०च्या पहिल्याच मोसमात ३१ टचडाऊन पास दिले, नवख्यांचा नवा विक्रम. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बेलिचिक यांच्या संघाने चार्जर्सना ४५-० असं हरवलं.

प्रश्न : सॅक झाली, म्हणजे क्वार्टरबॅक चेंडूसकट पाडला गेला, की आम्ही लाइनला शिव्या घालतो. दोष खरंच त्यांचाच असतो का? – एक वाचक, ठाणे

निम्म्या वेळा क्वार्टरबॅकचे पाय तपासा. लाइनच्या कडेचा टॅकल सात-आठ यार्ड मागच्या एका जागेचं रक्षण करत असतो. तो डोळ्यांनी क्वार्टरबॅक बघत नाही, ती जागा गृहीत धरतो. नवखा धास्तीने दहा यार्ड मागे गेला, की कडेने येणारा पासरशर टॅकलला वळसा घालून थेट त्याच्यावर जातो. टॅकलने काम चोख केलेलं असतं.

दुसरं म्हणजे पळायची दिशा. उजव्या हाताचे बहुतेक नवखे गडबडले की उजवीकडे पळतात, कारण धावता धावता तिकडे फेकणं सोपं. मग बचाव त्या बाजूच्या माणसाला सांगतो, घुसू नकोस, बाहेरची बाजू धरून ठेव. दाब उलट्या बाजूने येतो, आणि पोरगा स्वतःहून दारात उभ्या असलेल्या माणसाकडे धावतो. २०२४मध्ये शिकागोच्या केलेब विल्यम्सला ६८ सॅक झाल्या, २००२मध्ये ह्यूस्टनच्या डेव्हिड कारला ७६. दोघांच्याही पुढची लाइन कच्ची होती हे खरं, पण चेंडू हातात धरून ठेवल्याचा वाटाही त्यात होता.

प्रश्न : स्नॅपच्या आधीच बचाववाले कसे उडी मारतात? त्यांना आवाज आधी कळतो का? – एक वाचक, नाशिक

आवाज नाही, ठेका कळतो. नवखा चाल समजून घेण्यात इतका वेळ घालवतो की प्ले-क्लॉकवर (चाल सुरू करायच्या मुदतीच्या घड्याळावर) दोन-एक सेकंद उरले की स्नॅप मागतो. घड्याळ पासरशरलाही दिसतं. दुसरी सवय, प्रत्येक स्नॅप पहिल्याच हुकमावर घेण्याची. परक्या मैदानावर गोंगाटात हुकूम ऐकू येत नाही. तेव्हा सेंटरशेजारचा गार्ड मागे वळून खूण घेतो, सेंटरला (चेंडू मागे देणाऱ्याला) थाप देतो, सेंटर डोकं वर करतो आणि एका ठेक्यानंतर स्नॅप. हा ठेका दर वेळी तेवढाच असेल, तर सेंटरचं डोकं वर होताच कडेचा माणूस सुटतो. उपाय एकच : अधूनमधून दोन ठेके थांबायचं. एकदा तो कडेचा माणूस रेषा ओलांडून पाच यार्डांचा दंड भरतो, मग उरलेला सामना जपून खेळतो.

घड्याळाचा आणखी एक खेळ आहे. प्रशिक्षक क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओवरून बोलू शकतो, पण प्ले-क्लॉकवर १५ सेकंद उरले की तो बंद होतो. ३ फेब्रुवारी २०१९च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, पॅट्रियट्सनी रॅम्सच्या जॅरेड गॉफविरुद्ध, रेडिओ बंद झाल्यावर बचावाची रचना बदलण्याचा डाव टाकला होता. गॉफ नवखा नव्हता, तिसऱ्या वर्षात होता. तरी रॅम्स पूर्ण सामन्यात तीनच गुण करू शकले.

प्रश्न : ही हेरगिरी नव्हे का? – एक वाचक, पणजी

नाही. प्रत्येक सामन्याचं बावीसही खेळाडू दिसतील असं उंचावरचं चित्रण सगळ्याच संघांना मिळतं. ते हवं तितक्या वेळा बघा. २००७मध्ये पॅट्रियट्सना शिक्षा झाली ती प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांच्या खाणाखुणा मैदानाच्या कडेवरून चित्रित केल्याबद्दल. बचावातल्या खेळाडूने क्वार्टरबॅकच्या हुकमाची नक्कल करून ओरडणं हाही दंडाचा गुन्हा आहे.

प्रश्न : क्रिकेटमध्ये नव्या फलंदाजाची कमजोरी दोन-तीन सामन्यांत उघडी पडते. इथे किती लागतात, आणि ती काढतात कशी? – एक वाचक, कोल्हापूर

साधारण चार सामने, म्हणजे सव्वाशेच्या आसपास पास. क्रिकेटशी तुलना अर्धीच जमते : उसळत्या चेंडूला फलंदाज बिचकतो हे कळलं की एकटा गोलंदाज त्याचा फायदा घेऊ शकतो, इथे अकरा जणांनी मिळून एकच सोंग वठवावं लागतं. एकाने आधी तोंड उघडलं की डाव फसला.

प्रत्येक पाससाठी तक्ता भरतात : डाऊन कितवा, हवे किती यार्ड, रचना कोणती, चेंडू कुठल्या हॅशवर (मैदानातल्या ज्या दोन ओळींवर किंवा त्यांच्यामध्ये चेंडू ठेवून चाल सुरू होते त्यांपैकी), पहिली नजर कुठे, फेक कुठे, दाब होता का, पळाला तर कोणीकडे. हॅशचा रकाना नवख्यांसाठी महत्त्वाचा. कॉलेजच्या मैदानावर हॅशच्या दोन ओळींत ४० फुटांचं अंतर असतं, त्यामुळे एक बाजू भलती रुंद होते आणि पोराला तिकडे बघायची सवय लागते. एनएफएलमध्ये ते अंतर साडेअठरा फूट, दोन्ही बाजू जवळपास सारख्या. जुनी सवय मात्र काही आठवडे टिकते.

मग गाळणी. तिसरा डाऊन, सातहून जास्त यार्ड हवेत आणि दाब आहे, एवढ्या अटी लावल्या की सव्वाशेतले जेमतेम दहा-बारा पास उरतात. इथेच हुशार विश्लेषक सावध होतो आणि उतावळा फसतो. दहांपैकी सात वेळा टाइट एंडकडे (लाइनच्या टोकाला उभ्या रिसीव्हरकडे) बघितलं, ही क्वार्टरबॅकची खोड की प्रशिक्षकाने आखलेली चालच तशी? चालीतच पहिली नजर टाइट एंडवर असेल तर पुढच्या रविवारी चाल बदलते आणि तुमचा सेफ्टी भलतीकडे धावतो. आक्रमणाचे प्रशिक्षकही स्वतःच्या संघाचा असाच तक्ता मांडतात आणि मुद्दाम खोटी सवय पेरतात : तीन आठवडे एकीकडे बघून तिकडेच फेक, चौथ्या आठवड्यात तिकडेच बघून उलटीकडे. म्हणून खरी खोड मानायची ती चाल बदलली तरी न बदलणारी, म्हणजे पाय, हात, मागे जायचं अंतर, पळायची दिशा.

काहींच्या बाबतीत तक्ता रिकामाच राहतो. २०१६मध्ये डॅलसच्या डॅक प्रेस्कॉटने कारकिर्दीतले पहिले १७६ पास एकही न गमावता टाकले. २०२३मध्ये ह्यूस्टनच्या सी. जे. स्ट्राउडने तो आकडा मागे टाकला आणि त्याचा पहिला पास पकडला गेला सहाव्या सामन्यात. उलट टोक पेटन मॅनिंगचं : १९९८च्या पहिल्या मोसमात २८ इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास, नवख्यांमध्ये सर्वाधिक.

प्रश्न : मुलगा शाळेच्या संघात फ्लॅग फुटबॉल (पाडण्याऐवजी कमरेची पट्टी ओढायची) खेळतो, क्वार्टरबॅक आहे आणि टक लावून बघतो. घरच्या घरी काही करता येईल? – एक वाचक, डॅलस, टेक्सस

येईल. आधी दहा-पंधरा पास मोबाइलवर टिपा, दोन जागांवरून : त्याच्या पाठीमागून आणि सेफ्टी उभा असतो तिथून. दुसरं चित्रण त्याला आवाज बंद करून दाखवा आणि फेक व्हायच्या आधी थांबवून विचारा, चेंडू कुठे जाणार? स्वतःचंच उत्तर बरोबर आलं की समजावत बसावं लागत नाही.

मग सराव. तीन जण तीन ठिकाणी उभे करा, मधला सेफ्टीच्या जागी. स्नॅपनंतर मुलाने पहिली नजर त्या मधल्यावर टाकायची आणि त्याने वर केलेली बोटं मोठ्याने मोजायची, मगच डावीकडे किंवा उजवीकडे फेकायचं. बाजू तुम्ही आधी सांगू नका. सेफ्टी एक पाऊल जिकडे टाकेल त्याच्या उलट बाजूला चेंडू. सुरुवातीला फेक उशिरा जाईल. तेव्हा ओरडू नका, अंतर आठ-दहा यार्डांवर आणा. फ्लॅगमध्ये चढाई करणारा सात यार्ड मागून निघतो, त्यामुळे एवढी उसंत मिळते.

पाय वेगळे सुधारायला जाऊ नका. नजर एका रिसीव्हरवरून दुसऱ्यावर गेली की पायांनी छोटी उडी घेऊन तिकडे वळायचं, एवढंच सांगा. नजर एकीकडे आणि पाय दुसरीकडे, असं मुद्दाम करायला या वयात शिकवलं तर चेंडू आखूड पडायला लागतो. चेंडूवर थाप मारायची सवय असेल तर आधाराचा हात चेंडूवर घट्ट ठेवून छातीच्या उंचीवरून फेकायला लावा, रोज वीस फेकी पुरेत.