‘गॉथ’ कोण, ‘गॉथिक’ काय आणि फॅशनने केली ती ‘उसनवारी’ म्हणावी का?

दारव्हा तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या अध्यापिकेचा प्रश्न आला आहे. अकरावीच्या एका विद्यार्थिनीने निबंधात ‘माझ्या आतेबहिणीने स्वागत समारंभासाठी ऑनलाइन गोथ ड्रेस मागवला’ असे वाक्य लिहिले. ते तपासताना ‘गोथ’ लिहावे की ‘गॉथ’, आणि ‘गॉथ’ व ‘गॉथिक’ हे एकाच अर्थाचे शब्द आहेत काय, अशी शंका त्यांना आली. त्याच सुमारास ‘मुख्य प्रवाहातील फॅशनने गॉथ उपसंस्कृतीकडून मोठी उसनवारी केली आहे’ असे एक छापील वाक्य त्यांच्या वाचनात आले. त्यातली ‘उसनवारी’ खटकली, पण नेमकी का खटकली हे सांगता येईना, असे त्या लिहितात.

लेखनाचा भाग आधी उरकून टाकू. मूळ शब्दातला स्वर ‘डॉक्टर’, ‘कॉलेज’ यांतल्यासारखा आहे, म्हणून मराठीत ‘गॉथ’ आणि ‘गॉथिक’ असेच लिहावे. ‘गोथ’ हे रोमन अक्षरे पाहून अंदाजाने लिहिलेले रूप दिसते. विद्यार्थिनीच्या वाक्यात ‘गॉथिक ड्रेस’ किंवा ‘गॉथिक धाटणीचा ड्रेस’ हवे होते. ‘गॉथ ड्रेस’ हे अगदीच चूक म्हणता येणार नाही, कारण ‘कॉलेज युवक’, ‘मोबाइल दुकान’ अशी दोन नामे शेजारी ठेवण्याची सवय मराठीला आता पुरती जडली आहे. तरीही मी ते टाळीन, आणि त्याचे कारण व्याकरणापेक्षा अर्थात अधिक आहे.

‘गॉथ’ हे नाम आहे आणि ते माणसांना लागते. मुळात हे एका जर्मानिक लोकसमूहाचे नाव. त्यांच्यापैकी पश्चिमेकडच्या, म्हणजे व्हिसिगॉथ, टोळ्यांनी अलारिकच्या नेतृत्वाखाली इ. स. 410 मध्ये रोम लुटले आणि युरोपच्या स्मृतीत त्यांचे नाव विध्वंसाशी जोडले गेले. भाषेच्या अभ्यासकाला मात्र ते निराळ्या कारणाने जवळचे वाटतात. बिशप वुल्फिला याने चौथ्या शतकात बायबलचे जे भाषांतर केले, त्यामुळे जर्मानिक भाषांमधला सर्वांत जुना सलग व विस्तृत मजकूर आपल्याला गॉथिक भाषेत मिळतो. लुटारू म्हणून बदनाम झालेल्या लोकांची आठवण एका धर्मग्रंथाच्या भाषांतराने जपून ठेवावी, ही गंमत मला नेहमी सुखावते.

‘गॉथिक’ हे विशेषण पुढे त्या लोकांना सोडून भलतीकडेच भटकले. पॅरिसजवळच्या सॅं-दनी येथील मठाच्या चर्चचा पूर्वेकडचा नवा भाग 1144 मध्ये पूर्ण झाला आणि टोकदार कमानी, उंच खिडक्या व रंगीत काचा यांची जी शैली तेथून रुजली, तिच्याशी गॉथ लोकांचा काहीही संबंध नव्हता. त्यांची राज्ये लयाला जाऊन तोवर शतके लोटली होती. परंतु सोळाव्या शतकातल्या इटालियन जाणकारांना मध्ययुगीन बांधकाम ओबडधोबड वाटे. जॉर्जो वासारी याने 1550 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कलावंतांच्या चरित्रांत ही पद्धत गॉथांनी काढली असे म्हणून नाक मुरडले. म्हणजे ‘गॉथिक’ ही सुरुवातीला चक्क हेटाळणी होती, आपल्याकडे एखाद्याच्या राहणीला ‘रानटी’ म्हणावे तशी. पुढे हेटाळणीचा रंग उडाला आणि शैलीचे नाव तेवढे राहिले. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘गॉथिक शैलीचे’ म्हणून येते ते याच वाटेने, अर्थात एकोणिसाव्या शतकातल्या पुनरुज्जीवनातून.

साहित्यात हा शब्द आला तो होरेस वॉलपोलमुळे. त्याच्या 1764 च्या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीला ‘एक गॉथिक कथा’ असे उपशीर्षक होते. त्यातला जुना किल्ला, शाप आणि भुताटकी यांमुळे ‘गॉथिक’ म्हणजे अंधारे, भयाचे आणि तरीही मोह पाडणारे, असा अर्थ पक्का झाला. कपड्यांपर्यंत पोहोचलेला अर्थ हाच आहे, वास्तुशैलीचा नव्हे.

त्यानंतर विशेषणाचे पुन्हा नाम झाले. 1970 च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पंक संगीताची लाट ओसरत असताना बाऊहाऊस, सूझी अँड द बॅन्शीज, द क्युअर अशा वाद्यवृंदांभोवती तरुणांचा एक समुदाय जमू लागला. बाऊहाऊसचे पहिले गाणे 1979 चे. लंडनच्या सोहो भागातला ‘बॅटकेव्ह’ हा क्लब 1982 चा. या संगीताला ‘गॉथिक’ म्हटले गेले, ऐकणाऱ्यांना थोडक्यात ‘गॉथ’ म्हणू लागले, आणि दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका लोकसमूहाचे नाव, त्याच्याशी काडीचे नाते नसलेल्या मुलामुलींना चिकटले. त्यांचा पेहरावही तेव्हा दुकानात तयार मिळत नसे. धर्मादाय दुकानांतून आणलेले जुने मखमली कोट, आजीच्या पेटीतली लेस, मुद्दाम फाडलेले जाळीचे मोजे, डोळ्यांभोवती काजळाच्या जाड रेघा आणि काळे पडावेत इतके गडद ओठ, अशी ती घरच्या घरी केलेली जुळवाजुळव होती.

येथे एक खुलासा करणे भाग आहे, कारण मराठी वाचकाच्या मनात काळ्या रंगाचा हिशेब वेगळा असतो. आपल्याकडे शोकाचे वस्त्र पांढरे. काळी चंद्रकळा संक्रांतीला मानाने नेसली जाते. मंगळसूत्रात काळे मणी हवेतच. लहान मुलाच्या गालावर तीट लागते ती काळीच. तरीही लग्नाच्या मांडवात कोणी नखशिखांत काळे घालून आले, तर ‘काया झगा कायले घातला वं पोरी?’ असे विचारणारी एखादी आजी वऱ्हाडात हमखास भेटते. इंग्लंडमधला काळा रंग शोकाचा होता. पती अल्बर्टच्या 1861 मधील मृत्यूनंतर राणी व्हिक्टोरियाने 1901 मध्ये स्वतःचा अंत होईपर्यंत काळी वस्त्रे वापरली, आणि तिच्या काळात शोकवस्त्रांचा व व्हिटबीच्या काळ्या जेट खड्याच्या दागिन्यांचा मोठा व्यापार उभा राहिला. गॉथांच्या पेहरावाचा बराचसा माल या व्हिक्टोरियन शोकातून आलेला आहे. मुद्दा लक्षात ठेवावा, ‘उसनवारी’कडे वळताना तो लागेल.

काही उत्साही भाषांतरकार ‘गॉथ’साठी ‘कृष्णवस्त्री’ किंवा ‘अघोरी’ असे शब्द सुचवतात. दोन्ही नकोत. अघोरी हा प्रत्यक्षात असलेला पंथ आहे. काळ्या वस्त्रांबद्दल म्हणाल, तर रिद्धपूरच्या परिसरात वाढलेल्या माणसाला त्यावरून महानुभाव साधू आठवतील, लंडनचा क्लब नव्हे. परक्या समुदायाचे नाव परकेच राहू द्यावे. आपण पठाणाला पठाण आणि शिखाला शीख म्हणतोच. विभक्तीही त्याच वळणाने चालवावी: गॉथाने, गॉथांचा, गॉथांमध्ये. ‘गॉथिक’ अविकारी ठेवावे: गॉथिक झगा, गॉथिक बांगडी, गॉथिक दागिने.

नाम आणि विशेषण वेगळे ठेवण्याचा माझा आग्रह केवळ टापटिपीसाठी नाही. ऑगस्ट 2007 मध्ये लँकेशायरमधल्या बेकप येथे सोफी लँकेस्टर ही 20 वर्षांची मुलगी आणि तिचा मित्र यांच्यावर उद्यानात टोळक्याने हल्ला केला, तो ते गॉथ दिसत होते म्हणून. त्यात सोफीचा मृत्यू झाला. 2013 पासून ग्रेटर मँचेस्टर पोलीस अशा समुदायांवरील हल्ल्यांची नोंद द्वेषमूलक गुन्हा म्हणून करू लागले. एका समारंभापुरता लेसचा काळा ड्रेस घालणारी मुलगी आणि त्या पेहरावापायी जिवाला मुकलेली मुलगी यांना एकच शब्द लावू नये, एवढे तारतम्य भाषेने बाळगावे. ज्याचे संगीत, मित्र, मेळावे आणि रोजचे कपडे त्या समुदायातले आहेत, तो गॉथ; कपड्याला मात्र गॉथिक म्हणावे, मग तो कोणाच्याही अंगावर असो.

आता ‘उसनवारी’. आपल्या खेड्यांत उसने म्हणजे काय, हे पायलीभर ज्वारी शेजारणीकडून आणलेल्या बाईला विचारावे. उसने व्याजाने नसते. जी वस्तू नेली तीच, तेवढीच, परत करायची. परत करताना माप काठोकाठ न भरता वर शीग लावून देणारी बाई पुढच्या वेळी संकोच न करता मागू शकते. या व्यवहाराला दोन अटी लागतात: देणाऱ्याला आपण दिल्याचे ठाऊक असते आणि घेणाऱ्याला परत करायचे असते. फॅशनच्या व्यवहारात या दोन्ही अटी नाहीत. इंग्लिश वेशरचनाकार अलेक्झांडर मॅक्वीनने 1996 मध्ये लंडनच्या स्पिटलफील्ड्समधल्या एका जुन्या चर्चमध्ये आपला ‘दान्ते’ हा संग्रह मांडला, इटालियन वेशरचनाकार रिकार्डो तिशीने 2005 पासून जिव्हाँशी या फ्रेंच फॅशन कंपनीसाठी काळ्या लेसचे आणि क्रुसाचे पेहराव केले, न्यूयॉर्कच्या फॅशन संस्थेच्या संग्रहालयाने 2008 मध्ये या काळोख्या सौंदर्यावर स्वतंत्र प्रदर्शन भरवले. आणि नोव्हेंबर 2022 मध्ये ॲडम्स या काल्पनिक कुटुंबातल्या मुलीवरची ‘वेन्सडे’ ही दूरचित्रमालिका जगभर पाहिली गेल्यावर तिची पांढरी कॉलर असलेली काळी वस्त्रे बाजारात सर्वत्र झाली. यात बॅटकेव्हच्या कुठल्या मुलीकडे कोणी माप घेऊन गेले नाही, आणि शीग लावून परत करण्याचा तर प्रश्नच नाही. अध्यापिकाबाईंना खटकले ते हेच असावे.

यावर आक्षेप येईल की भाषाशास्त्रात आपण ‘उसने शब्द’ म्हणतो, तेही परत कोठे करतो? आक्षेप रास्त आहे. ‘टेबल’ आणि ‘बादली’ आपण कोणालाच परत केलेली नाही. पण शब्द घेतल्याने मूळ भाषेकडचा शब्द कमी होत नाही किंवा त्याचा भाव बदलत नाही. समुदायाच्या ओळखीचे तसे नसते. तीच लेस आणि तोच गळपट्टा गल्लोगल्ली दिसू लागला, की ज्यांनी तो आपली माणसे ओळखण्यासाठी घातला होता, त्यांच्यापुरते त्याचे काम संपते. म्हणून शब्दांच्या बाबतीत रूढ झालेला ‘उसना’ येथे जसाच्या तसा चालवू नये.

मग ‘चोरी’ म्हणावे का? तेही नको. गॉथांनी स्वतः राणी व्हिक्टोरियाच्या दुखवट्यातून, भयपटांतून आणि जुन्या कादंबऱ्यांतून सामान गोळा केले, तेव्हा कोणाला विचारले नव्हते. शिवाय मॅक्वीनसारख्याची कामगिरी नक्कल म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. ‘उचलेगिरी’तही तोच आरोप आहे, फक्त किरकोळ पातळीवरचा. ‘उचल’ हे नाम सुचेल, पण विदर्भातल्या वाचकासाठी ते गोंधळाचे आहे. येथे उचल म्हणजे साल ठरताना सालदाराने घेतलेली आगाऊ रक्कम, जी पुढे राबून फेडावी लागते. क्रियापद मात्र सुरेख बसते. ‘ही चाल त्याने अमक्या गाण्यावरून उचलली’ असे आपण सहज म्हणतो, त्यात परतफेडीचा करार नसतो, चोरीचा ठाम आरोपही नसतो, आणि विचारून घेतलेले नाही एवढे मात्र ऐकणाऱ्याला बरोबर कळते. म्हणून ते छापील वाक्य मी असे लिहीन: ‘मुख्य प्रवाहातील फॅशनने गॉथ उपसंस्कृतीकडून बरेच काही उचलले आहे.’ लेखकाला बाजू घ्यायची नसेल तर ‘घेतले आहे’ पुरेसे आहे.

‘उपसंस्कृती’बद्दल बाईंनी विचारलेले नाही, तरी अनेकांना त्या ‘उप’मध्ये कमीपणा वाटतो म्हणून एवढेच सांगतो की पैनगंगा ही वर्धेची उपनदी आहे, आणि तिच्या काठच्या कोणाला त्यात अपमान वाटल्याचे मी ऐकलेले नाही. शब्द चांगला आहे, वापरावा.

हा सगळा ऊहापोह परदेशी वाटत असेल, तर यवतमाळ आणि वाशीम जिल्ह्यांतल्या तांड्यांकडे पाहावे. बंजारा स्त्रियांचे फेटिया (घागरा), कांचळी (चोळी), आरसे आणि कवड्यांचे भरतकाम आज बाजारात ‘बोहो’ या नावाने विकले जाते; तांड्यात मात्र तो पूर्ण पेहराव आता बहुतेक म्हाताऱ्या बायांच्याच अंगावर दिसतो. ‘बोहो’ हे ‘बोहेमियन’चे तुटके रूप. फ्रेंचांनी रोमा भटक्यांना, ते बोहेमियातून आले अशा समजुतीने, ते नाव दिले आणि नंतर ते मनस्वी कलावंतांना लागले. रोमांची भाषा भारतीय-आर्य कुळातली आहे, म्हणजे भारतातून गेलेल्या लोकांना चुकून पडलेले नाव फिरून भारतातल्या भरतकामाला लागले. येथेही उचललेच आहे, पण भाषेच्या दृष्टीने गॉथिक झग्यापेक्षा प्रकरण अधिक गंभीर आहे. गॉथिक झग्याला मराठीत दुसरे नाव नाही, त्यामुळे ‘गॉथिक’ लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. कांचळीला मात्र तिचे स्वतःचे नाव आहे, आणि ते नाव माहीत असलेल्या विद्यार्थिनी दारव्हा, दिग्रस, मानोरा येथील वर्गांत बसलेल्या आहेत. त्यांच्या निबंधात ‘बोहो ब्लाउज’ आले, तर बाईंनी तेथे जरूर लाल शाई वापरावी आणि समासात ‘कांचळी’ असे लिहावे.