शाळेच्या फाटकाशी थांबणाऱ्या गोष्टी

प्रश्न : नात आठ वर्षांची, नातू दहाचा. शाळा इंग्रजी, अंगणात गुजराती. मराठी काय ती रात्री जेवणं उरकल्यावर माझ्याजवळ. मुखपृष्ठावर मुलगी दिसली की नातू "आ तो छोकरीओनी चोपडी छे" म्हणतो आणि उठून जातो. नात मात्र हाताला येईल ते वाचते. सूनबाईंचं म्हणणं, जुन्या पुस्तकांतल्या मुली नुसत्या भावांना डबे भरून देतात, ती रद्दीत घाला आणि नव्या धीट मुलींच्या गोष्टी आणा. काय करावं?
— एक आजी, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : ताई, रद्दीवाल्याला तूर्त बोलावू नका. आधी नातवाचं बघू. पुस्तकाला खाकी कव्हर घाला. नायिका कोण, हे अगोदर सांगायची गरज नाही. मोठ्याने वाचायला बसा आणि गोष्ट ऐन अडचणीत आली की चष्मा काढून "उरलेलं उद्या" म्हणा. माझ्याकडे रावपुऱ्यात शनिवारी पोरं वाचायला जमतात, त्यांच्यावर हा उपाय बहुतेक लागू पडतो. मुलगे मुलींच्या गोष्टींना कंटाळत नाहीत. कोणी बघेल म्हणून लाजतात. सुरुवात विनोदी पुस्तकाने करा. 'गोट्या' लिहिणाऱ्या ना. धों. ताम्हनकरांचीच 'चिंगी' आहे. दोघांची ओळख एकदमच करून द्या.

आता सूनबाईंचं. जुन्या पुस्तकांबद्दल त्या खोटं बोलत नाहीत. साहसाला भाऊ निघतात, बहीण दारापर्यंत येते. पण नव्या 'धीट' मुलींचंही मला कौतुक नाही. कराटे येतं, चोर पकडते, पहिला नंबरही तिचाच, शेवटी सगळा गाव टाळ्या वाजवतो. ती मैत्रिणीवर जळत नाही, तिचा गृहपाठ राहत नाही. अशी मुलगी पोरांना आवडत नाही, आणि त्यात पोरांचं काही चुकत नाही.

याहून मला खटकते ती मुलींच्या शिक्षणाची ठरावीक गोष्ट. तुम्हीही वाचली असेल : बाप शाळा सोडवायला निघालेला, आई पदराने डोळे पुसते, गुरुजी घरी येऊन समजूत घालतात, बापाचे डोळे उघडतात, मुलगी दप्तर घेऊन शाळेत जाते. समाप्त! गुरुजींनी ठरवलं, बापाने मान्य केलं, मुलीने फक्त रडायचं. मागे अशीच एक वाचून संपवली, तर तिसरीतल्या एका मुलीने विचारलं, "पण मग ती कुणाशेजारी बसली?" पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं. तिला गणित आवडतं की चित्रकला, शाळेत मुलींना संडास आहे की नाही, सहामाहीत काय झालं, काहीच नाही. लेखकाने तिला फाटकाशी सोडलं आणि तो घरी गेला.

चरित्रांतही तेच. सावित्रीबाई फुले म्हटलं की अंगावर शेण झेलतानाचं चित्र ठरलेलं. १८५४ साली त्यांचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह निघाला, हे त्याच मुलांना क्वचितच कोणी सांगतं. आणि आपलं बडोदं? सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, याचा आपल्याला रास्त अभिमान. पण त्या कायद्यात मुलग्यांना सात ते बारा वर्षं सक्ती होती आणि मुलींना सात ते दहाच. दहा संपली की मुलगी मोकळी, म्हणजे चुलीपाशी. नातवाला हे जरूर सांगा. तो स्वतः दहाचा आहे, हिशेब लगेच लागेल.

तेव्हा पुस्तक घेताना मधलं कुठलंही पान उघडा आणि बघा, मुलगी त्या पानावर स्वतःच्या डोक्याने काही ठरवते आहे का. चुकीचं ठरवलं तरी चालेल, उलट बरंच. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं दुकानात उभ्याने चाळून पाहा. 'राधाचं घर'मध्ये राधा घरातल्या एकेका माणसाची ओळख करून देते. घर आपलंच वाटतं आणि उपदेश कुठे डोकावत नाही. नातीला ते आता सोपं जाईल, पण मराठी अक्षरांवर हात बसायला सोपंच बरं. महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातल्या चित्रात बाई आणि पुरुष दोघं भाजी निवडताना दाखवले, त्याची बरीच चर्चा झाली. आपल्याकडच्या मुलांच्या हाती ते पुस्तक येत नाही. म्हणून नातवाला मेथी निवडायला बसवा आणि तेवढ्यात नातीला वाचायला सांगा.

जुनी पुस्तकं राहू द्या. डबा भरण्याचं पान आलं की नातीलाच विचारा, तू असतीस तर काय केलं असतंस. आमच्याकडे एकीने डब्यात मिरच्या भरल्या होत्या.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची. मी आणलेली मराठी पुस्तकं उघडतही नाही. वडोदऱ्यात चांगली निवड कुठे मिळेल?
— एक वडील, कारेलीबाग

उत्तर : मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत. १९१० साली सयाजीरावांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणून संस्थानात वाचनालयांची घडी बसवली, तेव्हाचीच ही. मराठी पुस्तकं तिथे आहेत. मात्र निवड तुम्ही करू नका, तिला कपाटापाशी एकटी सोडा. तिने भुताखेतांचं उचललं तरी चेहरा सरळ ठेवा.