त्रिपुराला जाणार असशील तर आधी हे वाच

प्रिय पोरी,

तू २०२८ च्या त्रिपुरा विधानसभेवर काम करायचं ठरवलंयस हे कळलं आणि खरंच खूप बरं वाटलं. आपल्याकडं ईशान्येतली निवडणूक म्हणजे निकालाच्या दिवशी सकाळी टीव्हीवर नकाशा रंगतो, दुपारी दोन एक्सपर्ट बोलतात आणि संध्याकाळपर्यंत सगळे विसरून जातात. तू वेळ हातात ठेवून तयारीला लागतेयस, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. कंटाळा आला तरी वाच.

पहिली गोष्ट, ‘लाट’ हा शब्द लिहायच्या आधी आकडे समोर घेऊन बस. २०१३ ला त्रिपुरात ६० पैकी ५० जागा डाव्यांच्या, त्यातल्या ४९ एकट्या सीपीएमच्या, आणि १० काँग्रेसच्या. भाजपची मतं होती दीड टक्का, डिपॉझिट जवळपास सगळीकडे गेलेली. पाच वर्षांनी, ३ मार्च २०१८ ला निकाल लागला तर भाजप ३५, त्यांच्यासोबतचा आदिवासींचा पक्ष आयपीएफटी ८ आणि सीपीएम १६. (चारिलामची एक जागा तेव्हा राहिली होती, तिथल्या सीपीएमच्या उमेदवाराचं मतदानाआधी निधन झालेलं, नंतर ती पण भाजपला गेली.) सलग २५ वर्षं असलेली सत्ता गेली. देशभर हेडलाइन एकच, लाल किल्ला ढासळला.

आता मतं बघ. भाजप साधारण ४३.६ टक्के, सीपीएम ४२.२ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवून बरेच लोक म्हणतात अरे फक्त दीड टक्क्याचा फरक होता की, आणि तिथंच चुकतात, कारण भाजप लढला ५१ जागांवर, उरलेल्या ९ आयपीएफटीला दिल्या होत्या आणि त्यांची सात टक्क्यांच्या वर मतं वेगळी मोजली गेली. म्हणजे युती पन्नासच्या पुढं होती. तुला दोन्ही बाजूचे लोक भेटतील, एक म्हणेल सगळं राज्य उलटलं, दुसरा म्हणेल केसभराच्या फरकानं गेलं, आणि दोघंही पार्टीचा आकडा सांगतील, युतीचा नाही. कुठला पक्ष किती जागांवर लढला हे विचारल्याशिवाय व्होट शेअरला हात लावू नकोस.

मला खरं सांगायचंय ते यापुढचं आहे. सीपीएमची मतं २०१३ ला ४८ टक्के होती ती ४२ वर आली, म्हणजे सहा टक्के गेले. आणि काँग्रेसची? साडेछत्तीस टक्क्यांवरून दोन टक्क्यांच्याही खाली! म्हणजे राज्य बदललं असं आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात काय झालं, तर डाव्यांना आयुष्यभर विरोध करणारा जो मोठा वर्ग होता तो एका घरातून उठून जवळजवळ अख्खा दुसऱ्या घरात गेला, आणि त्याच्यावर डाव्यांच्या बाजूनं थोडी गळती झाली. ही गळतीच निर्णायक होती हे मान्य, पण कम्युनिस्ट मतदार एका रात्रीत भाजपचा झाला ही जी गोष्ट आपल्याकडं सांगतात ती आकड्यांत दिसत नाही. जागा बघितल्या तर भूकंप वाटतो, मतं बघितली तर स्थलांतर दिसतं. तुझं काम ते स्थलांतर शोधायचं आहे, कुठल्या गावातून कुठं गेलं, कुणासोबत गेलं आणि का गेलं.

का गेलं याचं एक कारण तर बंगालमध्ये आहे. २०१६ ला पश्चिम बंगालमध्ये काँग्रेसनं डाव्यांशी हात मिळवला. कोलकात्यात ती सोय असेल, पण त्रिपुरातल्या धर्मनगर, बिलोनियाच्या काँग्रेसवाल्याला विचार, ज्यानं सीपीएमच्या विरोधात उभं राहून गावात त्रास काढला होता त्याला काय वाटलं असेल. त्रिपुरातले काँग्रेस नेते सुदीप रॉय बर्मन यांच्यासह सहा आमदार तृणमूलमध्ये गेले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये तिथून भाजपमध्ये. कार्यकर्ते त्यांच्या मागं. भाजपची ‘चलो पल्टाई’ (चला, बदलूया) ही घोषणा चालली, कारण पालटायला तयार माणसं आधीच जागेवर उभी होती.

मराठी मीडियात याची स्टोरी सुनील देवधरांभोवती फिरते आणि ते साहजिक आहे, आपला माणूस, भाजपचा प्रभारी म्हणून तिथं जाऊन राहिला, भाषा शिकला, मतदारयादीच्या पानापानाला माणूस नेमला. त्या कामाचं श्रेय द्यायलाच हवं, मी ते कमी करत नाहीये. पण तू एका माणसाची गोष्ट लिहून थांबू नकोस. संघटना बांधणारा भेटला आणि नेमकं त्याच वेळी छत्तीस टक्के मतदार बेघर झाला, या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणून ते झालं.

आता डोंगराकडं. इथं जास्त वेळ घालव, अगरतळ्याच्या हॉटेलात बसून हे कळणार नाही. ६० पैकी २० जागा आदिवासींसाठी राखीव आहेत. डाव्यांचं तिथलं मूळच डोंगरात होतं, १९४५ ची जनशिक्षा समिती, दशरथ देव आणि त्यांचे साथी गावोगाव शाळा काढत फिरले, त्यातून चळवळ, त्यातून पक्ष, आणि १९९३ ला दशरथ देव मुख्यमंत्री झाले. २०१३ पर्यंत या २० पैकी जवळपास सगळ्या जागा डाव्यांकडं होत्या. २०१८ ला राहिल्या २. २०२३ ला एकही नाही. सत्तर वर्षांचं नातं दहा वर्षांत संपलं! मला विचारशील तर त्रिपुरातली सगळ्यात मोठी बातमी ही आहे, आणि ती कुणी धड लिहिलेली नाही.

त्याच्यामागं काय आहे ते समजायला फाळणीपर्यंत मागं जावं लागेल. पूर्व बंगालातून निर्वासित येत गेले, १९७१ ला तर राज्याच्या लोकसंख्येच्या जवळपास तेवढे आले, आणि जे आदिवासी लोक इथं बहुसंख्य होते ते २०११ च्या जनगणनेत ३१–३२ टक्क्यांवर दिसतात. ही वेदना खरी आहे. आणि ज्या बंगाली कुटुंबानं सगळं सोडून येऊन इथं घर उभं केलं त्याची भीतीही खरी आहे. दोन्ही घरात जेवून ये आणि मग लिही. एका घरात बसून दुसऱ्याबद्दल लिहू नकोस, हे मी तुला हात जोडून सांगते.

ही वेदना आधी आयपीएफटीनं वेगळ्या राज्याच्या मागणीतून पकडली, मग ते सत्तेत गेले, मागणी जागच्या जागी राहिली आणि लोकं प्रद्योत बिक्रम माणिक्य देब बर्मांच्या तिप्रा मोथा या पक्षाकडं वळली. राजघराण्यातला माणूस, आधी काँग्रेसचा प्रदेशाध्यक्ष. एप्रिल २०२१ ला स्वायत्त जिल्हा परिषदेत २८ पैकी १८ जागा मोथाच्या, आयपीएफटी शून्य. तेव्हा दिल्लीत कुणाचं लक्ष नव्हतं. म्हणून म्हणते, विधानसभेचा अंदाज बांधायचा असेल तर आधी त्या परिषदेकडं बघ. तिच्या हद्दीत राज्याची दोन तृतीयांश जमीन येते आणि वारं तिथं आधी बदलतं.

२०२३ ला मग चित्र असं झालं, भाजप ३२, मोथा १३, सीपीएम ११, काँग्रेस ३, आयपीएफटी १. भाजपची मतं ३९ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २०१८ पेक्षा कमी, तरी एकट्याच्या जोरावर बहुमत, कारण समोरची मतं दोन ठिकाणी वाटली गेली. आणि गंमत नाही, दुःखच वाटावं अशी गोष्ट की डावे आणि काँग्रेस यावेळी एकत्र लढले, ज्यांच्या गावातल्या घरांत एकमेकांनी मारलेल्या माणसांचे फोटो भिंतीवर आहेत ते एका स्टेजवर आले. नेत्यांची बेरीज झाली, मतदारांची झाली का? हा प्रश्न तू बूथ पातळीवर सोडव. जिथं काँग्रेसचा उमेदवार होता तिथं जुन्या लाल बूथवर किती मतं पडली ते बघ आणि उलटंही बघ. सुदीप रॉय बर्मन तोवर परत काँग्रेसमध्ये आले होते, म्हणजे एकच माणूस सात वर्षांत काँग्रेस, तृणमूल, भाजप आणि परत काँग्रेस. त्याच्यासोबत जाणारे आणि न जाणारे कार्यकर्ते दोन्ही शोध, न जाणारे जास्त महत्त्वाचे.

मग मार्च २०२४ ला केंद्र, राज्य आणि मोथाचा करार झाला आणि मुख्य विरोधी पक्ष सरकारात जाऊन बसला. २०२८ कडं बघताना मोठा प्रश्न हाच, की आयपीएफटीचं जे झालं ते मोथाचं होतं का. आत्ताच उत्तर ठरवून जाऊ नकोस.

मतदारसंघ लहान आहेत हे डोक्यात पक्कं ठेव. आपल्याकडं विधानसभेला सरासरी सव्वातीन लाखाच्या वर मतदार, तिथं चाळीस–पन्नास हजार. आणि मतदान नव्वद टक्क्यांच्या आसपास जातं! म्हणजे आमदार लोकांना नावानं ओळखतो आणि लोकांचं मतही फार लपून राहत नाही. आपल्याकडच्या सर्व्हेच्या सवयी तिथं चालत नाहीत. कुणाला मत देणार असं विचारलंस तर माणूस तुला तेच सांगेल जे सांगणं सुरक्षित आहे. त्यापेक्षा विचार, रेगाचे (रोजगार हमीचे) किती दिवस काम मिळालं, पैसे कधी आले, पोराची नोकरी कुठं अडकली, मागच्या निवडणुकीनंतर गावातून कोण निघून गेलं. उत्तर त्यातून येतं.

नोकरीचा विषय तर सोडूच नकोस. उद्योग फार नाहीत, रबर आहे, शेती आहे, आणि सरकारी नोकरी. तिथं १०३२३ हा आकडा नुसता उच्चारलास तरी लोक बोलायला लागतात. इतक्या शिक्षकांची भरती हायकोर्टानं २०१४ ला रद्द केली, २०१७ ला सुप्रीम कोर्टानं तेच कायम ठेवलं. डाव्यांच्या काळातली भरती, त्यामुळं २०१८ ला राग त्यांच्यावर, आणि मार्ग काढू म्हणणाऱ्या भाजपच्या राज्यात २०२० ला नोकऱ्या खरोखर संपल्या, तेव्हा राग इकडं. सातव्या वेतन आयोगाचं आश्वासनही तसंच, कर्मचाऱ्याच्या घरात मत कशानं हलतं ते तिथं कळतं. विचारधारेच्या लढाईवर पानंच्या पानं छापून येतात, पण मला विचारशील तर पगाराच्या स्लिपवर जास्त लिहायला हवं होतं.

माणसं पक्की एका रंगाची असतात असं समजू नकोस, ते आपल्यालाही लागू आहे. २०२४ ला महाराष्ट्रात लोकसभेला महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० आणि सहा महिन्यांत विधानसभेला महायुती २३० च्या वर. त्याच गावांत, त्याच लोकांनी. त्यामुळं त्रिपुराच्या मतदाराला चंचल म्हणायच्या आधी आपल्या गल्लीत बघायचं.

आता सुरक्षेचं. २०१७ ला तिथं दोन पत्रकार मारले गेले, एक तर आंदोलन कव्हर करताना. एकटी आतल्या गावात संध्याकाळी थांबू नकोस, कुठं जातेयस ते रोज कुणाला तरी कळवत जा, आणि ज्यांनी तुझ्याशी बोलायचं धाडस केलं त्यांची नावं, गावं, फोटो काही काही टाकू नकोस. तू विमानात बसून परत येशील, ते तिथंच राहणार आहेत.

आणि निकालाच्या संध्याकाळी परतीचं तिकीट काढू नकोस. सगळे काढतात. २०१८ ला निकालानंतर दोनच दिवसांत बिलोनियात लेनिनचा पुतळा बुलडोझरनं पाडला, त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितला, पण त्याच आठवड्यात गावागावांत पार्टी ऑफिसं, दुकानं, घरं यांचं काय झालं ते बघायला फार कमी लोक मागं राहिले. २०२३ लाही निकालानंतर हिंसाचार झाला. आणि आधीच्या २५ वर्षांत विरोधी कार्यकर्त्याला गावात जगणं किती अवघड होतं तेही लोक सांगतील, तेही तितकंच नीट ऐक, लिहून घे. सत्ता बदलली की हरलेल्या माणसाच्या दाराशी काय होतं, यावरून मला एखादं राज्य जास्त कळतं, सीट्सवरून नाही. किमान दोन आठवडे राहा, खर्चाचं आपण बघू.

सध्या एवढंच काम कर. निवडणूक आयोगाचे फॉर्म २० डाउनलोड कर, त्यात बूथवार मतं असतात, २०१३, २०१८ आणि २०२३ चे तिन्ही घे, बूथचे नंबर आणि हद्दी बदललेल्या असतील त्या मॅच करत बस, कंटाळवाणं आहे पण दुसऱ्या कुणाला सांगू नकोस, स्वतः कर. टाकारजला, धनपूर, बिलोनिया आणि धर्मनगर या चार ठिकाणांपासून सुरुवात कर, एक डोंगरातली, एक माजी मुख्यमंत्री माणिक सरकारांची जुनी, दोन सरळ बंगाली पट्ट्यातल्या. सोबत बंगाली शिकायला लाग, आणि कोकबोरोक या आदिवासी भाषेची निदान विचारपूस करण्याइतकी वाक्यं. चार मतदारसंघांची शीट झाली की मला पाठव, मग फोनवर बसून एकेक बूथ बघू.

तुझी,
ताई