तक्रारवही मिटता येईल का?

प्रश्न : सोसायटीच्या ऑफिसात मी एकटीच. गळती, लिफ्टच्या तक्रारी वहीत उतरवायच्या, मग त्याच सेक्रेटरींना मेल करायच्या. कोडिंग येत नाही. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, कोडिंग लागतंय कशाला? गूगल फॉर्म करा. तक्रारीचा प्रकार ड्रॉपडाऊनमध्येच (तयार यादीतून निवडायचा रकाना) ठेवा, नाहीतर लोक ‘गळती’ चार तऱ्हांनी लिहितात. फोटोचा रकाना टाळा. त्यासाठी गूगलमध्ये साइन-इन लागतं आणि निम्म्या आजोबांना पासवर्ड आठवत नाही. फॉर्म गूगल शीटला (ऑनलाइन तक्ता) जोडला की उत्तरं आपोआप तिथे पडतात. पुढे झॅपिअर, म्हणजे दोन अॅप्स कोडिंगशिवाय जोडून देणारी वेबसाइट : ट्रिगर (काम कशाने सुरू होणार) म्हणजे शीटमधली नवी ओळ, अॅक्शन (मग काय होणार) म्हणजे जीमेलवरून सेक्रेटरींना मेल. आधी स्वतःलाच पाठवून बघा. मेल कधीकधी काही मिनिटं उशिरा जातो, त्यामुळे लिफ्टमध्ये कुणी अडकलं तर फॉर्मबिर्म नको, सरळ फोन.