गमीमुळे गाढ झोप लागते, मग सीपॅप बंद करावा का?

ताई, तुमचा भाऊ अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात असतो, त्याला तीव्र स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत घसा बंद होऊन श्वास अडकण्याचा आजार) आहे आणि काही महिन्यांपासून तो झोपताना टीएचसीची, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाची, गमी (चघळायची मिठाई) घेतोय. घड्याळात गाढ झोप वाढलेली दिसते, स्वप्नं पडायची थांबलीत, म्हणून आता सीपॅप (मास्कमधून दाबानं हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन) नको म्हणतो. वर ‘आमच्या राज्यानंच अ‍ॅप्नियासाठी याला मान्यता दिलीय’ असंही सांगतो. मी डॉक्टर नाही, पण बरीच वर्षं मास्क लावून झोपतोय आणि या विषयावर मिळेल ते वाचत आलोय. त्या जोरावर सांगतो, त्याला मशीन सोडू देऊ नका.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते स्वप्नं थांबणं. टीएचसीमुळे सुरुवातीच्या दिवसांत झोप लवकर लागते, बऱ्याचदा गाढ झोप वाढते आणि रेम झोप, म्हणजे जिच्यात ठळक स्वप्नं पडतात ती, कमी होते. रोज घेत राहिलं की शरीराला सवय होते आणि गाढ झोपेचा फायदा ओसरायला लागतो.

आता हे अ‍ॅप्नियाशी जोडून बघा. रेममध्ये श्वासपटल आणि डोळे सोडले तर शरीराचे बहुतेक स्नायू सैल पडतात. जिभेला पुढे धरून ठेवणारा स्नायूही ढिला होतो, जीभ मागे सरकते आणि घसा बंद होतो. त्यामुळे बहुतेकांचे श्वास रेममध्ये जास्त वेळ अडकतात आणि ऑक्सिजन जास्त खाली जातो. रेमचा मोठा वाटा रात्रीच्या उत्तरार्धात असतो. पहाटे चार-पाचच्या सुमारास घोरणं एकदम थांबतं, काही सेकंद काहीच ऐकू येत नाही, मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास येतो. घरच्यांना हे चांगलंच ठाऊक असतं. गाढ झोपेत मात्र घसा तुलनेनं उघडा राहतो. म्हणजे रेम कापली गेली आणि गाढ झोप वाढली, तर तासाला श्वास अडकण्याचा आकडा, एएचआय, आपोआप कमी दिसू शकतो. घसा होता तसाच असतो.

घरी करतात त्या बहुतेक स्लीप टेस्टमध्ये मेंदूच्या लहरी मोजतच नाहीत. रेम किती झाली हे त्यात कळणारच नाही. मनगटावरचं घड्याळ तर नाडी आणि हालचालीवरून अंदाज बांधतं, त्यावर उपचार ठरवू नयेत.

यावर अभ्यास झालेला आहे आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. अमेरिकेत ७३ जणांना सहा आठवडे ड्रोनॅबिनॉल, म्हणजे गोळीतलं कृत्रिम टीएचसी, किंवा औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी दिली. निष्कर्ष २०१८ मध्ये आले. १० मिलिग्रॅमवर एएचआय दिखाऊ गोळीच्या तुलनेत तासाला सुमारे १३ नं कमी झाला. झोपेच्या टप्प्यांत तिथे लक्षणीय फरक पडला नाही, म्हणजे ही घट केवळ रेम कापल्यामुळे नव्हती. मला त्यात आशा दिसते. पण ऑक्सिजनही सुधारला नाही, आणि दिवसा जागं राहण्याच्या चाचणीतही फरक पडला नाही. शिवाय ३० चा आकडा १७ वर आला तरी तो मध्यम अ‍ॅप्नियाच. तुमच्या भावाचा तर तीव्र आहे, आणि दुकानातली गमी म्हणजे त्या अभ्यासातली गोळी नव्हे.

मिनेसोटाचं म्हणणं खरं आहे. २०१७ च्या शेवटी त्यांनी अ‍ॅप्नियाला औषधी गांजा देता येणाऱ्या आजारांच्या यादीत घेतलं. पण २०१८ च्या एप्रिलमध्येच अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या मुख्य संघटनेनं निवेदन काढलं की अ‍ॅप्नियाच्या उपचारासाठी कॅनॅबिस (गांजा-भांगेची वनस्पती) किंवा त्याचे कृत्रिम अर्क वापरू नयेत. राज्याच्या यादीत नाव आलं म्हणजे सीपॅपला पर्याय मिळाला असं होत नाही.

इथले काही जण भांग किंवा ‘विजया’च्या (आयुर्वेदातलं भांगेचं नाव) तेलाबद्दल विचारतात. कायद्याचा भाग बाजूला ठेवला तरी, भांगेच्या गोळीत टीएचसी किती हे घेणाऱ्याला माहीत नसतं.

त्याला दोन गोष्टी सांगा. पहिली, गमीचं प्रमाण आणि वेळ झोपतज्ज्ञाला मोकळेपणानं सांगायची आणि प्रयोगशाळेतली पूर्ण रात्रीची तपासणी मागायची; अहवालात रेममधला एएचआय वेगळा पाहायचा. दुसरी, गमी सोडायची ठरवलीच तर त्या काळात मास्क एक रात्रही चुकवायचा नाही. रोज घेणाऱ्यानं सोडल्यावर दाबलेली रेम उसळून येते, झोप तुटते, विचित्र स्वप्नं पडतात, आणि हे काही आठवडे चालू शकतं. नेमक्या त्याच झोपेत त्याचा घसा सगळ्यात जास्त बंद होतो. मास्क टोचतो म्हणून तो मशीन टाळत असेल तर तेही विचारा. नाकपुड्यांना टेकणारा, मऊ उशीसारख्या टोकांचा मास्क किंवा दाब बदलून घेणं यानं बऱ्याच जणांचा प्रश्न सुटतो.