अर्धं सांगून झालंय, आता बाकीचं सांगायलाच हवं का?

"मॅडम, मी सांगितलंय घरी. म्हणजे अगदी सगळं नाही, पण सांगितलंय. आता परत कशाला उकरून काढायचं?"

समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की समोरचा "म्हणजे" म्हणून थांबला की पुढचं मला कळतं. कर्जाचा निम्माच आकडा सांगितलेला नवरा असतो, "एकदाच भेटलो होतो" म्हणणारी बायको असते, दोन विषय राहिलेत असं घरी सांगून प्रत्यक्षात वर्षभर कॉलेजला न गेलेला मुलगा असतो. या सगळ्यांना वाटतं की आपण अवघड भाग पार केलाय, उरलंय ते किरकोळ आहे, आणि तरी झोप लागत नाही, चिडचिड होते, पोट बिघडतं, म्हणून ते येतात. आज या प्रश्नावर लिहितेय आणि त्यासाठी एका सायकलपटूची गोष्ट सांगतेय. त्याची परवानगी घेतलीये, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

चाळिशीतला माणूस, पूर्वी प्रोफेशनल रोड रेसिंगमध्ये स्प्रिंटर होता, आता कोचिंग करतो. पंधरा वर्षांची मुलगी पण रेसिंग करते. तो आला झोपेसाठी. रात्री दोनला जाग येते ती येतेच, डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल.

पहिल्या काही भेटींत तो फक्त सायकलिंगबद्दल बोलला आणि मी बोलू दिलं, कारण माणूस ज्या गोष्टीबद्दल न थांबता बोलतो त्याच्याच आसपास त्याचं दुखणं असतं असा माझा अनुभव आहे. मी त्याला विचारलं होतं की स्प्रिंटरचं काम तर शेवटच्या दोनशे मीटरचं, मग त्याला रक्त वाढवणाऱ्या औषधाचा काय उपयोग, ते तर घाट चढणाऱ्यांना लागत असेल ना. तो म्हणाला, "शेवटचे दोनशे मीटर ताशी साठ-पासष्टच्या वर जायचं असतं, पण त्याआधी दोनशे किलोमीटर झालेले असतात. त्यात ज्याचे पाय कमी दमले तोच स्प्रिंट मारतो, बाकीचे नुसते पोचतात." तीन आठवड्यांच्या रेसमध्ये तर डोंगराच्या दिवशीही ठरलेल्या वेळेत पोचावं लागतं, नाहीतर स्प्रिंटर सरळ बाहेर. ते औषध म्हणजे ईपीओ, मुळात आपल्याच मूत्रपिंडात तयार होणारं हार्मोन, ते लाल पेशी वाढवतं, लाल पेशी ऑक्सिजन वाहून नेतात. बाहेरून घेतलं की दम टिकतो, आणि रक्त घट्ट होऊन गुठळी व्हायचा धोकाही वाढतो. हे सगळं तो एखाद्या शिक्षकासारखं समजावत होता, दुसऱ्या कुणाची माहिती सांगावी तसं.

मग एक दिवस मुलीचं निघालं. तिने कुठेतरी डोपिंगबद्दल, म्हणजे खेळाडूंनी बंदी असलेली औषधं घेण्याबद्दल, वाचलं आणि जेवताना सरळ विचारलं, बाबा, तू कधी घेतलंस का? त्याने सांगितलं, हो, एकदा. एका सीनियरने दिलं, मला नीट माहीतही नव्हतं काय आहे, त्रास झाला, ताप आला, पुन्हा हात लावला नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग ती उठून आली आणि मिठी मारली मला. म्हणाली, किती प्रामाणिक आहेस तू. मैत्रिणींना पण सांगितलं तिने की माझे बाबा खरं बोलले."

"आणि झोप कधीपासून गेली?"

त्याने बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाला, "त्याच आठवड्यापासून."

मी आकडा विचारला नाही. किती वेळा, किती वर्षं, हे विचारायचा मोह समुपदेशकाला होतो, पण तो पोलिसांचा प्रश्न आहे. मी विचारलं की तुम्ही तिला जी गोष्ट सांगितलीत, त्या गोष्टीत तुम्ही कोण आहात? त्याला प्रश्न कळला नाही, मग घरी घेऊन गेला.

पुढच्या वेळी तो एरिक झाबेलबद्दल बोलत आला. हा जर्मन स्प्रिंटर त्याच्या तरुणपणीचा हिरो. त्याने सांगितलेलं मी नंतर स्वतः वाचून काढलं आणि मला वाटतं अर्ध्या कबुलीचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मिळणं अवघड आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

झाबेलने टूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या रेसमध्ये गुणांसाठी मिळणारी हिरवी जर्सी १९९६ ते २००१ अशी सलग सहा वर्षं जिंकली. मिलान-सान रेमो ही जवळपास तीनशे किलोमीटरची एकदिवसीय रेस चार वेळा जिंकली. मे २००७ मध्ये, म्हणजे त्याच्या जुन्या टेलिकॉम टीमच्या माजी मसाजरने आतल्या गोष्टी उघड केल्यावर, तो आणि त्याचा जुना सहकारी रोल्फ आल्डाग पत्रकारांसमोर बसले. झाबेल रडला. म्हणाला की १९९६ च्या टूरआधी एक आठवडा ईपीओ घेतलं, त्रास झाला, सोडून दिलं. आपला मुलगा पण सायकल चालवतो, त्याच्याशी खोटं बोलत राहायचं नाही, असंही त्याच्या बोलण्यात आलं. लोकांना त्याचं कौतुक वाटलं. तो रेसिंग करत राहिला, २००८ च्या शेवटी निवृत्त झाला, पुढे तरुण स्प्रिंटरना शिकवू लागला.

जुलै २०१३ मध्ये फ्रान्सच्या सिनेटच्या चौकशी समितीचा अहवाल आला. १९९८ च्या टूरमधले लघवीचे गोठवून ठेवलेले नमुने नंतर ईपीओसाठी तपासले गेले होते, कारण १९९८ ला ती तपासणीच अस्तित्वात नव्हती. त्या यादीत झाबेलचं नाव होतं. चारेक दिवसांत त्याने एका जर्मन वृत्तपत्राला सांगितलं की १९९६ ते २००३ ईपीओ, कॉर्टिसोन नावाचं स्टेरॉइड, रक्त काढून परत चढवणं, हे सगळं केलं. म्हणजे आधीच्या कबुलीत एक आठवडा होता आणि आताच्या कबुलीत सहाच्या सहा हिरव्या जर्सी आल्या. त्यानंतर सायकलिंगमधल्या त्याच्या जबाबदाऱ्या सुटल्या, आणि मला जास्त लागलं ते हे की २००७ च्या त्या अश्रूंवरही कुणाचा विश्वास राहिला नाही, कदाचित ते खरे असूनही. मुलगा रिक २००७ ला तेरा वर्षांचा होता. २०१३ ला एकोणीसचा, आणि पुढच्याच वर्षी तो स्वतः प्रोफेशनल झाला, तेच आडनाव पाठीवर घेऊन.

अजून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तेव्हाच्या जागतिक उत्तेजकविरोधी नियमांत कारवाईची मुदत आठ वर्षांची होती. २००७ ला १९९६ बद्दल बोललं तर शिक्षा होऊ शकत नव्हती, २००३ बद्दल बोललं असतं तर होऊ शकत होती. त्याच्या मनात हा हिशोब होता असं मी अजिबात म्हणत नाहीये, कुणाच्या मनात काय होतं ते मला कळायचं कारण नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या माणसांचं बघितलं तर सांगितलेला अर्धा भाग नेहमी तोच असतो ज्याची किंमत आधीच फिटलेली असते.

तर माझा क्लायंट. तो म्हणाला, "मॅडम, २००४ ची सान रेमो माहितीये? झाबेल पाचव्यांदा जिंकणार होता. शेवटची लाइन यायच्या आधीच त्याने जिंकल्यासारखे हात वर केले, आणि खालून ऑस्कर फ्रेरेने सायकल पुढे ढकलली. काही सेंटिमीटरनी गेली रेस." मग थांबला. "मुलीने मिठी मारली तेव्हा मी पण हात वर केले. लाइन यायची होती अजून."

मी गप्प राहिले. अशा वेळी काहीतरी छान बोलावंसं वाटतं पण बोलू नये.

"तुम्ही विचारलं होतं ना, त्या गोष्टीत मी कोण आहे. मी त्यात फसवला गेलेला पोरगा आहे. सीनियरने दिलं, मला माहीत नव्हतं, ताप आला. मॅडम, पहिल्यांदा तसंच झालं होतं, ते खोटं नाहीये. पण नंतर मीच मागायचो. सीझनच्या आधी मीच फोन करायचो. आणि..." इथे त्याचा आवाज फुटला, "...टीममध्ये एक नवीन मुलगा आला होता, त्याला मी दिलं. मला जसं सांगितलं होतं अगदी तसंच सांगून दिलं."

इतक्या भेटींत हे पहिल्यांदा आलं. ती इंजेक्शनं किती होती ते मी आजही विचारलेलं नाही आणि त्याने काही अडत नाही. कारण या कामात इतकी वर्षं बसून मला जे पक्कं कळलंय ते हेच, माणूस जो अर्धा भाग गिळतो त्यात नुसता आकडा नसतो, त्यात त्याचा स्वतःचा निर्णय असतो. कर्जवाला नवरा निम्मी रक्कम लपवतो कारण ती निम्मी घरखर्चाला नाही तर हौसेला गेलेली असते. "एकदाच" म्हणणारी बायको पुढच्या भेटी लपवते कारण पहिली चुकून झाली होती, पुढच्या तिने ठरवल्या होत्या. सांगितलेल्या भागात आपण परिस्थितीचे बळी असतो आणि न सांगितलेल्या भागात आपण करणारे असतो. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही, माणसांनीच शिकवलं, आणि आता मी ते खात्रीने सांगते.

मग माणूस हे का लपवतो? मी विवेकनिष्ठ विचार मानणारी आहे, त्यामुळे मला यामागे एक हट्ट दिसतो, की मी चुकलो तरी चालेल पण मी चुकीचा माणूस ठरता कामा नये. हा हट्ट सुटल्याशिवाय पूर्ण खरं तोंडातून बाहेर पडत नाही. त्याला मी एवढंच विचारलं की तुमच्याकडे शिकणाऱ्या एखाद्या मुलाने असं काही केलं तर तुम्ही त्याला काय म्हणाल? पटकन म्हणाला, "म्हणीन की जे केलंस ते घाण केलंस, आता सरळ उभा राहा आणि सांग." मी म्हटलं, त्याला घाणेरडा म्हणाल का? "नाही, असं कसं, पोरगा आहे तो." आणि मग स्वतःच हसला आणि रडला पण. त्या एका तासात जे झालं त्यासाठी मी हे काम करते, एवढं म्हणायचा हक्क मला आहे असं वाटतं.

त्याने बायकोला आधी सांगितलं. तिला बरंचसं माहीत होतं, नव्या मुलाचं नव्हतं. मग दोघांनी मिळून मुलीला. मुलगी चिडली, काही आठवडे त्याच्याबरोबर सायकल चालवायला गेली नाही, मैत्रिणींसमोर मी मूर्ख ठरले म्हणाली. मग एका संध्याकाळी येऊन तिने विचारलं, त्या मुलाला तू सांगितलंस का? त्याने सांगितलं नव्हतं. आता तो त्याला शोधून भेटून आलाय. त्या भेटीत काय झालं ते त्यांचं आहे. झोप हळूहळू येतेय, अजून पूर्ण नाही.

आता तुमच्यापैकी जे अशा अर्ध्यावर अडकलेत त्यांच्यासाठी. सगळ्यात आधी, सगळं सगळ्यांना सांगायचं नसतं. ज्याचं आयुष्य तुमच्या त्या गोष्टीवर उभं आहे त्याचाच तो हक्क आहे, शेजाऱ्यांचा नाही, फेसबुकचा तर नाहीच. मुलांना तर तपशील अजिबात नको असतात, कुठली सुई आणि कुठे टोचली याने त्यांचं काही भलं होत नाही, त्यांना एवढंच कळायला हवं की ते तुम्ही ठरवून केलं होतं. सांगताना "पण" हा शब्द जिथे येईल तिथे थांबा, त्याच्या पुढे बहुतेक वेळा सीनियर, परिस्थिती, सगळेच करत होते, हेच असतं, आणि ते खरं असलं तरी त्या दिवशी बोलायचं नाही, नंतर कुणी विचारलं तर बोला. जे सांगायचं ते एका बैठकीत. दर महिन्याला थोडं थोडं बाहेर आलं की ऐकणाऱ्याला रोज वाटतं अजून काय उरलंय. आणि नोकरी, बंदी, पोलीस असलं काही गुंतलेलं असेल तर आधी वकिलाशी बोला. खेळातल्या नियमांत आता मुदत दहा वर्षांची आहे आणि दुसऱ्याला देणं हा घेण्यापेक्षा वेगळा गुन्हा धरला जातो, त्यामुळे मी माझ्या क्लायंटलाही आधी वकिलाकडे पाठवलं होतं. वकिलाशी बोलणं म्हणजे पळवाट काढणं असं समजू नका, ज्याला पुढचं माहीत असतं तो घाबरून मध्येच मागे फिरत नाही.

कोणी बातमी फोडायच्या आधी सांगणं आणि फुटल्यावर सांगणं यात शब्द तेच असले तरी फरक पडतो. फुटलं असेल तरी सांगाच, फक्त मग लगेच विश्वासाची अपेक्षा करू नका, तो मागायचा नसतो.

आणि जे ऐकणाऱ्या बाजूला आहेत, ज्यांना दुसऱ्यांदा खरं ऐकावं लागलंय, त्यांनी मला बऱ्याचदा विचारलंय की आता तिसऱ्यांदा काही निघणार नाही कशावरून? याची खात्री कोणी देऊ शकत नाही, मीही नाही. एक करा. समोरच्याला किती वेळा, कधी, कुठे असं उलटतपासणीसारखं विचारण्याऐवजी विचारा की यात तुझा निर्णय कुठला होता. जो मनापासून सांगतोय तो अडखळतो, लाल होतो, पण उत्तर देतो. जो परत दुसऱ्याचं नाव घेऊन सुरुवात करतो, त्याला घेऊन या माझ्याकडे किंवा तुमच्या जवळच्या कुठल्याही समुपदेशकाकडे, आणि येताना तुम्हीही या, कारण पहिली भेट बऱ्याचदा तुमचीच जास्त गरजेची असते.